न दुखणारी गाठ

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. ताप येत नाही, भूक जात नाही, हात अडत नाही. कापूस वेचणारी बाई कापूस वेचत राहते, भाकरी थापणारी थापत राहते. आपल्याकडे बाईने अंथरूण धरल्याशिवाय ती आजारी आहे असं कुणी मानत नाही. घरचे मानत नाहीत आणि तीही मानत नाही. म्हणून ठणकणाऱ्या दाताला, चढलेल्या तापाला, मोडलेल्या हाडाला दवाखाना लगेच मिळतो आणि न दुखणारी गाठ अंगावर काढली जाते. कातडी आत ओढली जाते, जखम होऊन वाहायला लागते, काखेत दुसरी गाठ येते, तेव्हा कुठे पावलं दवाखान्याकडे वळतात. तोवर कित्येकदा सहा महिने, वर्ष निघून गेलेलं असतं.

ही पुस्तिका त्या मधल्या दिवसांसाठी लिहिली आहे. गाठ हाताला लागली तो एक दिवस आणि उपचार सुरू झाले तो दुसरा. या दोन दिवसांमधलं अंतर कमी झालं तर आज हातच्या जाणाऱ्या अनेक बायका वाचतील. हे अंतर कमी करणं एकट्या बाईच्या हातात नाही. तिच्या घराने, गावाने आणि सरकारी यंत्रणेने मिळून ते करायचं आहे. मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट सांगायचं आहे.

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातलं गाव समर्थ रामदासांचं जन्मस्थान म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला तो इथे. दासबोध या गावाला परका नाही. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापावर एक समास आहे. देहाला होणाऱ्या व्याधी समर्थ त्यात एकामागून एक मोजत जातात. खरूज, नारू, गोवर अशी ती यादी संपता संपत नाही, आणि तिच्यात कुठेही आडपडदा नाही. देह आहे तिथे व्याधी आहे, तिचं नाव घेण्यात कमीपणा नाही, असा तो रोखठोक सूर आहे. असं असूनही छातीतल्या गाठीचं नाव काढताना आपल्या बायकांचा आवाज आजही खाली जातो. नवऱ्याला सांगायचं कसं, सासू काय म्हणेल, दवाखान्यात पुरुष डॉक्टर असला तर काय, या प्रश्नांत दिवस जातात. जावई वैद्य असला की सासूच्या अवघड जागेचं दुखणं तसंच राहतं, हे आपल्या जुन्या म्हणीने कधीच सांगून ठेवलं आहे.

सरकारी धोरणात हे प्रश्न विचारायची सोय आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या व स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, अशा मार्गदर्शक सूचना 2016 साली निघाल्या. त्यासाठी आशाताई घरोघर जाऊन एक फॉर्म भरते. छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखं पाणी येतं का, छातीच्या आकारात फरक पडला आहे का, हे त्यात छापलेलंच असतं. हा फॉर्म भरला जाताना मी अनेकदा जवळ बसले आहे. ओसरीवर सासरे बसलेले, दीर मोबाइल चार्जिंगला लावतो आहे, सून दारात पदर सावरत उभी. तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, इथवर सगळं मोठ्याने चालतं. मग ताई आवाज उतरवते, सून मान हलवते आणि ‘नाही’च्या चौकोनात खूण होते. हीच ताई जेव्हा ‘चला, आत बसू, जरा पाणी द्या’ म्हणून स्वयंपाकघरात जाते, तेव्हा तेच तीन प्रश्न चांगले पाच-दहा मिनिटं चालतात. सून बोलते, मग सासूला हाक मारते, आणि सासूच म्हणते, ‘मला बी हितं कायतरी लागतंय बघा.’ फॉर्म तोच, घर तेच. ओसरी सोडून चार पावलं आत गेल्याने एवढा फरक पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वर्षांच्या बायकांना विचारलं गेलं की, स्तनाच्या कर्करोगासाठी तुमची कधी तपासणी झाली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण 0.9 टक्के निघालं. म्हणजे शंभरात धड एकही नाही. फॉर्म गावागावात पोचला, हात मात्र पोचलेला नाही.

आता हा आजार केवढा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 23 लाख बायकांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे 6 लाख 70 हजार जणी त्याने गेल्या. भारतात त्याच वर्षी सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे 98 हजार मृत्यू. जगाचे आणि आपले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जगात दर शंभर नव्या रुग्णांमागे तीसच्या आत मृत्यू, आपल्याकडे पन्नासच्या वर. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 90 टक्क्यांच्या घरात आहे, भारतात ते 66 टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या बायकांना हा आजार तिकडच्यापेक्षा कमी होतो. पण झाला की त्या जास्त मरतात. गरीब आणि विकसनशील देशांची दुखरी जागा हीच आहे, आणि तिच्या मुळाशी उशीर आहे.

आणखी एक गोष्ट. युरोप-अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने साठीच्या पुढेमागे दिसतो, आपल्याकडे साधारण दहा वर्षं आधी. चाळिशी-पन्नाशीतली बाई म्हणजे घराचा कणा. एका मुलीचं लग्न व्हायचं असतं, मुलगा अकरावीत असतो, सासऱ्यांची औषधं तिच्या लक्षात असतात. अशी बाई आजारी पडते तेव्हा सगळं घर बसतं. म्हणूनच ती स्वतःकडे सगळ्यात शेवटी बघते.

हा शहरातल्या बायकांचा आजार, असं पुष्कळांना वाटतं. शहरात त्याचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. मुलं कमी आणि उशिरा होणं, अंगावर पाजण्याचा काळ घटणं, पाळी लवकर येणं, वजन वाढणं, हालचाल कमी होणं, मद्यपान, या सगळ्याने धोका वाढतो. तीस देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी 2002 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका चार टक्क्यांहून थोडा अधिक उतरतो, असं दिसलं. पण धोका उतरतो म्हणजे संपत नाही. चार लेकरं अंगावर पाजलेल्या बाईलाही हा आजार होतो. आणि आता खेड्यातही दोन मुलांवर संसार थांबतो, लग्नाचं वय पुढे गेलं आहे, शेतातली बरीच कामं यंत्रांनी घेतली आहेत. शहर आणि खेडं यांच्यातलं अंतर या बाबतीतही कमी होत जाणार.

खेड्यात कर्करोग किती, हे मोजायला आपल्या देशात मराठी मुलखातूनच सुरुवात झाली. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 सालची, औरंगाबादची 1978 ची, दोन्ही शहरांच्या. 1987 साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या साथीने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं तिच्यात होती. शहरात नोंदणी सोपी असते. प्रयोगशाळेच्या, दवाखान्याच्या वह्या पाहिल्या की नावं सापडतात. इथे वह्याच नव्हत्या. मग डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं गावोगाव पाठवली. ती पारावर, चावडीत बसत, कर्करोगाची लक्षणं सांगत, कुणाला तसं काही आहे का विचारत, आणि संशय आला की त्या माणसाला बार्शीला तपासणीसाठी घेऊन येत.

मोजायला गेलेल्या या माणसांनी आणखी एक काम करून ठेवलं. काही वर्षांतच तिथल्या नोंदींत दिसू लागलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात येत आहेत. नवं यंत्र आलं नव्हतं, तपासणीची मोठी मोहीम झाली नव्हती. गावात कुणीतरी येऊन बसलं, बोललं, आणि पुढची वाट दाखवली, एवढंच झालं होतं. जांबसारख्या गावासाठी माझा सगळा भरवसा या एका अनुभवावर आहे. बोलण्याने गाठ विरत नाही, पण गाठ घेऊन बाई लवकर बाहेर पडते.

उशीर कुठे कुठे होतो ते एकदा पायरीपायरीने पाहिलं पाहिजे. पहिली पायरी बाईच्या मनातली: दुखत नाही, मग काय असणार? दुधाची गाठ असेल, पाळीमुळे असेल. दुसरी घरातली: कापूस वेचून होऊ दे, लग्न उरकू दे. तिसरी गावातली: कुणी लेप देतं, कुणी गोळ्या देतं, कुणी न तपासताच ‘चरबीची गाठ आहे’ म्हणून पाठवतं. चौथी रस्त्याची: गावाहून घनसावंगी, तिथून जालना, तिथून छत्रपती संभाजीनगर, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही. पाचवी भीतीची: तुकडा काढला की पसरतो म्हणतात, किमोने माणूस जातो म्हणतात, घरात कॅन्सर आहे कळलं तर पोरीची सोयरीक मोडेल. प्रत्येक पायरीवर महिना-दोन महिने गेले तरी पाच-दहा महिने होतात. गाठीच्या मापात सांगायचं तर पहिल्या पायरीवर ती बोराएवढी असते आणि शेवटच्या पायरीवर लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी. डॉक्टरांचे टप्पेही काहीसे असेच ठरतात: दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ एका गटात, पाचच्या वरची दुसऱ्या गटात, आणि काखेत किंवा पुढे पसरली का हा त्यानंतरचा प्रश्न.

घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यातून दरवर्षी पुष्कळ जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाही. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. निघायच्या आठवड्यात गाठ हाताला लागली तर ती दाखवायची कुठे? फडात आशाताई नाही, उपकेंद्र नाही, ओळखीची सिस्टर नाही. सहा महिने असेच जातात. म्हणून या भागातली तपासणी टोळ्या निघायच्या आधी, भाद्रपद-आश्विनात व्हायला हवी. आरोग्य खात्याने या मुलखात तरी आपलं कॅलेंडर गळीत हंगाम बघून आखावं.

ऊसतोड कामगार बायकांचा विषय निघाला की शेजारच्या बीड जिल्ह्याची आठवण टाळता येत नाही. तिथे तरुण वयात गर्भपिशवी काढलेल्या बायकांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सर्वेक्षणात अशा शस्त्रक्रिया झालेल्या तेरा हजारांहून अधिक बायका आढळल्या. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याचं त्यांतल्या अनेकींनी बोलून दाखवलं. मला हे फार लागतं. कॅन्सर या शब्दाची भीती बाईला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेते, उसने पैसे काढायला लावते. आणि जिथे खरोखर गाठ असते तिथे हातही लावून पाहिला जात नाही. अर्धवट माहितीतून आलेली भीती दोन्हीकडून मारते. या पुस्तिकेत भीती दाखवणारं एकही चित्र नाही, त्याचं कारण हेच.

तपासणीने नेमकं काय साधतं, याचं मोठं उत्तरही महाराष्ट्रातूनच आलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या 1 लाख 51 हजार 538 बायकांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या बायका. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली. मॅमोग्राफी नाही, महागडं काही नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या वस्त्यांत आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. सर्व वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंतली घट ठामपणे सांगण्याएवढी नव्हती. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र ती जवळजवळ 30 टक्के होती. एका आरोग्यसेविकेचे शिकलेले हात काय करू शकतात, ते या आकड्यात आहे.

याच्या जोडीला एक प्रामाणिक इशाराही हवा. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे 2 लाख 66 हजार कामगार बायकांवरच्या अभ्यासात, दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःची छाती तपासायला शिकवूनही मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणून अमुक तारखेला आरशासमोर उभं राहिलंच पाहिजे, असं ओझं ही पुस्तिका कुणावर टाकत नाही. आपली छाती एरवी कशी असते ते बाईला माहीत असावं. अंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना काही वेगळं लागलं, तर ते त्याच आठवड्यात दाखवावं. गाठ, बोंड आत ओढलं जाणं, रक्तासारखा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, काखेतली गाठ, एवढी लक्षणं पुरेत. आणि हेही सांगायला हवं की बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. दाखवलं की त्यातल्या बहुतेक जणी हसत परत येतात.

ज्या येत नाहीत त्यांच्यासाठीही आज पुष्कळ काही आहे. गाठ लहान असेल तर ती तेवढीच काढून, स्तन राखून, पुढे रेडिएशन देता येतं. पूर्ण स्तन काढण्याइतकंच आयुष्य त्यानेही मिळतं, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्याने सिद्ध झालं आहे. ज्यांच्या गाठीला हार्मोनचा आधार असतो त्यांना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं घ्यावी लागते. ही गोळी स्वस्त आहे आणि मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. बरं वाटायला लागलं म्हणून ती मध्येच सोडणं हा स्वतःवरचा अन्याय आहे. डॉ. बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या 11 केंद्रांत झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं इंजेक्शन टोचल्याने पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. हा खर्च शंभर रुपयांच्या आसपासचा. गरीब देशातल्या डॉक्टरांनी गरीब रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न विचारले की अशी उत्तरं मिळतात.

पैशाची वाटही बंद नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन हे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण योजनेत न बसणारा खर्चही आहे. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येकदा तीन आठवडे चालतं. गावाहून रोज जाऊन-येऊन ते होत नाही. राहायचं कुठे, सोबत कोण राहणार, गुरांचं कोण बघणार, या अडचणीपायी उपचार अर्धवट सुटतात. इथे भावकीने, बचतगटाने, ग्रामपंचायतीने हात द्यावा. एका बाईला तीन आठवडे शहरात राहता यावं एवढी व्यवस्था करणं कुठल्याही गावाच्या आवाक्यातलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली या आजारासाठी सगळ्या देशांपुढे तीन खुणा ठेवल्या: निदान होणाऱ्यांपैकी किमान 60 टक्के बायका पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात, बाई दाखवायला आल्यापासून 60 दिवसांत निदान पुरं व्हावं, आणि किमान 80 टक्के जणींनी उपचार पूर्ण करावेत. पुस्तिकेची तीन प्रकरणंही याच तीन गोष्टींवर आहेत. पहिलं आशाताई आणि सिस्टर यांच्यासाठी, दुसरं बाई आणि तिच्या घरच्यांसाठी, तिसरं उपचार चालू असलेल्या बाईसाठी आणि तिच्या सोबतीसाठी. पुरुषांनी दुसरं प्रकरण अवश्य वाचावं. बायकोला ‘चल, दाखवून येऊ’ म्हणणारा नवरा आणि सुनेसोबत स्वतः बसमध्ये बसणारी सासू, यांच्याइतकं उशीर कमी करणारं दुसरं औषध नाही.

शेवटी एक सांगून ठेवते. ही पुस्तिका वाचली गेली, बायका बोलू लागल्या, तर जांब आणि आसपासच्या गावांत पुढच्या काही वर्षांत जास्त गाठी सापडतील. तेव्हा ‘आपल्याकडे कॅन्सर वाढला’ अशी हाकाटी होईल. तिला घाबरू नका. दवाखान्यात पोचलेली गाठ केवढी होती, ते विचारा. लिंबाएवढ्या गाठी कमी होत जाऊन बोराएवढ्या वाढत असतील, तर बायका वेळेत निघू लागल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जणी घरी परत येणार आहेत, असं खुशाल समजा.

जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना